इराणच्या शहाच्या सुधारणा नेमक्या कुठे फसल्या?

प्रश्न असा आहे: इराणच्या शहाने, मोहम्मद रझा पहलवीने, शाळा काढल्या, कारखाने उभे केले, स्त्रियांना मताधिकार दिला, कुळांना जमिनी दिल्या. तरीही 1979 मध्ये लोकांनी त्यालाच घालवून धर्मगुरूंच्या हाती सत्ता का दिली? लोकांना आधुनिकता पचली नाही, हे खरं आहे का?

हे उत्तर ऐकायला सोपं वाटतं, पण ते टिकत नाही. 1978 च्या मोर्च्यांत विद्यापीठातल्या मुली होत्या, तेलशुद्धीकरण कारखान्यांचे कामगार होते, बँकांचे आणि सरकारी खात्यांचे कारकून होते. यातले बहुतेक जण सुधारणांमुळेच घडलेले. 1956 च्या जनगणनेत साक्षरता सुमारे 15 टक्के होती, 1976 मध्ये ती 47 टक्क्यांच्या आसपास गेली. हीच शिकलेली पिढी रस्त्यावर आली. त्यामुळे सुधारणा झाल्या की नाही यापेक्षा त्या कशा झाल्या आणि त्यांच्या वाटेत कोणकोण हटवलं गेलं, हे बघायला हवं.

माझं म्हणणं एवढंच: पहलवी राजवटीने केलेल्या प्रत्येक मोठ्या सुधारणेत राजा आणि प्रजा यांच्यामधला एकेक मधला माणूस बाजूला झाला. जमीनदार, टोळीप्रमुख, काझी, मजलिसचा म्हणजे संसदेचा प्रतिनिधी, पक्षाचा पुढारी, बाजारातला व्यापारी संघ. यातले कित्येक जुलमी होते, त्यांची बाजू घ्यायचं कारण नाही. पण त्यांच्या जागी स्वतःच्या पायावर उभी राहील अशी दुसरी संस्था येऊ दिली नाही. सगळ्या दोऱ्या राजवाड्याला बांधल्या. मग जी तक्रार असेल ती थेट शहाच्याच नावावर जमा होऊ लागली.

सुरुवात त्याचा बाप रझा शहा याच्यापासून करावी लागते. 1921 च्या लष्करी उठावातून तो वर आला. 1924 मध्ये त्याचा कल प्रजासत्ताकाकडे होता. पण शेजारी तुर्कस्तानात खिलाफत नुकतीच रद्द झाली होती, त्यामुळे इराणी धर्मगुरू बिथरले आणि त्यांनी त्याला राजा होण्याकडे वळवलं. राजेशाही वाचवण्यात धर्मगुरूंचाच हात होता, हे आज फारसं कुणी आठवत नाही. 1925 मध्ये मजलिसने तोवर राज्य करणारं काजार घराणं पदच्युत केलं आणि रझा स्वतः शहा झाला.

त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात टिकाऊ काम म्हणजे न्यायव्यवस्था. न्यायमंत्री अली अकबर दावर याने 1927 पासून जुनी न्यायालयं मोडून नवी बांधली. 1928 मध्ये परकीयांचे खास न्यायालयीन हक्क रद्द झाले आणि दिवाणी संहितेचा पहिला भाग आला. शियांचा कौटुंबिक कायदा त्या संहितेत जवळजवळ तसाच ठेवला, फक्त तो कलमांत बसवला. धर्मगुरूंना खरा फटका बसला तो नोंदणीचा. खरेदीखत, गहाणखत, वारसा, लग्न या सगळ्यांवर मुल्लाचा शिक्का लागे आणि त्याची फी त्याला मिळे. 1932 च्या कायद्याने दस्तऐवजांची नोंदणी सरकारी कचेरीकडे गेली. 1936 मध्ये न्यायाधीशाला कायद्याची पदवी सक्तीची झाली आणि पगडीवाले कोर्टातून बाहेर पडले. ही सगळी व्यवस्था उभारणाऱ्या दावरने 1937 मध्ये राजाच्या गैरमर्जीच्या धास्तीने आत्महत्या केली. दरबारमंत्री तैमूरताश त्याआधीच, 1933 मध्ये, तुरुंगात मेला होता. सुधारणा करणारेच सुरक्षित नसतील तर त्यांनी उभ्या केलेल्या संस्थांना कणा कुठून येणार?

रझा शहाने एका गोष्टीला मात्र हात लावला नाही: खुम्स. शिया पंथात वर्षाचा खर्च वजा जाता उरलेल्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा द्यायचा असतो. त्यातला निम्मा भाग, इमामाचा हिस्सा, माणूस ज्या आयातुल्लाला, म्हणजे वरिष्ठ धर्मगुरूला, मानतो त्याच्याकडे जातो. गावोगावी त्या आयातुल्लाचे वकील म्हणजे प्रतिनिधी असतात, ते पैसे गोळा करतात आणि त्यातून मदरशातल्या विद्यार्थ्यांना दरमहा वेतन मिळतं. तुर्कस्तानात किंवा इजिप्तमध्ये मौलवी सरकारी पगारावर आणता आले, कारण तिथे असा वेगळा पैशाचा झरा नव्हता. इराणमध्ये कोर्ट गेलं, शाळा गेल्या, वक्फवर सरकारी देखरेख आली, तरी बाजारातला व्यापारी आणि कोम या धर्मपीठाच्या शहरातला आयातुल्ला यांच्यातला हिशेब चालूच राहिला. नंतरच्या पन्नास वर्षांची किल्ली या हिशेबात आहे.

पोशाखाच्या सक्तीबद्दल बरंच लिहिलं जातं, म्हणून थोडक्यात. 1928 मध्ये पुरुषांना एकसारखा वेश आणि पहलवी टोपी, 1935 मध्ये युरोपीय हॅट. त्याविरुद्ध मशहदच्या गोहरशाद मशिदीत जमलेल्यांवर गोळीबार झाला. 8 जानेवारी 1936 पासून स्त्रियांना बुरखा बंद. पोलीस रस्त्यात अंगभर पांघरलेली चादर ओढून काढू लागल्यावर बऱ्याच घरांतल्या स्त्रियांनी बाहेर पडणंच सोडलं आणि मुलींची शाळाही सुटली. स्त्रियांना घराबाहेर आणण्यासाठी केलेल्या कायद्याने गरीब आणि सनातनी घरांतल्या स्त्रियांना घरात कोंडलं.

कॅस्पियनपासून इराणच्या आखातापर्यंतची 1,394 किलोमीटरची रेल्वे 1927 ते 1938 मध्ये परकीय कर्ज न घेता बांधली, याचा इराणी माणसाला आजही अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पैसा आला साखर आणि चहावरच्या करातून, म्हणजे गरिबाच्या पेल्यातून. 1941 मध्ये ब्रिटिश आणि रशियन फौजा आत आल्या, रझा शहाला मुलाच्या हाती सिंहासन सोडावं लागलं आणि त्याच्यासाठी कुणी रस्त्यावर उतरलं नाही.

पुढची बारा वर्षं हा इराणच्या इतिहासातला सगळ्यात मोकळा काळ. पक्ष होते, वर्तमानपत्रं होती, मजलिसमध्ये खरे वाद होत. पंतप्रधान मोसादेकने 1951 मध्ये तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं आणि 19 ऑगस्ट 1953 ला अमेरिका-ब्रिटनच्या मदतीने झालेल्या उठावात त्याची सत्ता गेली. याच्या परराष्ट्रीय बाजूवरच सगळे बोलतात. देशातला परिणाम जास्त खोल होता: कम्युनिस्ट तुदेह पक्ष आणि उदारमतवादी नॅशनल फ्रंट, दोन्ही मोडले गेले. 1957 मध्ये सावाक ही गुप्त पोलीस संघटना आली. विरोधासाठी शहरात उरली ती मशीद. मशिदीला कुलूप लावता येत नव्हतं आणि तिचा पैसा सरकारच्या हातात नव्हता.

आता जमीन सुधारणा. ‘श्वेत क्रांती’ या शहाच्या सुधारणा कार्यक्रमाचं हे मुख्य कलम आणि शहा नेमका कुठे चुकला हे सर्वांत स्वच्छ दिसतं ते इथे.

इराणमध्ये गावाची मालकी सहा ‘दांग’मध्ये मोजत, सहा दांग म्हणजे अख्खं गाव. पिकाची वाटणी जुन्या रिवाजाने पाच भागांत: जमीन, पाणी, बियाणं, बैल आणि मेहनत, प्रत्येकाला एक वाटा. कुळाकडे बहुधा फक्त मेहनत असायची. जानेवारी 1962 च्या कायद्याने जमीनदाराला एकच गाव, म्हणजे सहा दांग, ठेवता येणार होतं. बाकीचं सरकार विकत घेऊन कुळांना हप्त्यांवर देणार. शेतीमंत्री हसन अर्सन्जानी याने किंमत ठरवण्याची युक्ती फार चलाखीने काढली होती: जमीनदाराने आजवर जेवढा कर भरला, त्याच्या पटीत मोबदला. वर्षानुवर्षं कर चुकवणाऱ्यांच्या हाती त्यांच्याच खोट्या आकड्यांच्या हिशेबाने पैसे पडले.

पण कायद्यात पळवाटा होत्या. फळबागा, चहाचे मळे आणि मजुरीवर यंत्राने कसलेली जमीन वगळलेली होती. मग ट्रॅक्टर उभे राहिले, झाडं लागली, कुळांना मजूर दाखवलं गेलं. आपल्याकडे कुळकायदा आल्यावर सात-बाऱ्यावर जे खेळ झाले ते माहीत असणाऱ्याला हे नवल वाटणार नाही. दुसऱ्या टप्प्यात जमीनदाराला पर्याय मिळाले: तीस वर्षांच्या खंडाने द्या, विका, वाटून घ्या, कुळाचा हक्कच विकत घ्या किंवा भागीदारी करा. साहजिकच बहुतेकांनी खंडाचा रस्ता धरला.

सर्वांत मोठी चूक लाभार्थी ठरवण्यात होती. जमीन मिळाली ती ‘नसक’ म्हणजे कसण्याचा परंपरागत हक्क असलेल्यांनाच. गावातली भूमिहीन कुटुंबं, ज्यांना खुशनशीन म्हणत, ती यादीत नव्हतीच. ही संख्या लहान नव्हती. कित्येक गावांत तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त. जमीनदार गेला, शेतकरी आपली जमीन घरच्या माणसांनी कसू लागला आणि खुशनशीनांची हंगामी मजुरीही आटली.

दुसरी चूक पाण्याची. इराणच्या पठारावर तेव्हा बरीच शेती कनातवर चालायची: डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून काढलेला किलोमीटर-किलोमीटर लांब बोगदा, मध्ये मध्ये विहिरी. माती ढासळते, म्हणून तो सतत उपसावा लागतो. हा खर्च जमीनदार करत असे. तो गेल्यावर सहकारी संस्थेने करावा अशी कल्पना होती, पण संस्थांकडे भांडवल तुटपुंजं आणि कर्जाची रक्कम बियाण्यालाही पुरेना. ज्याच्याकडे पैसा होता त्याने डिझेल पंपाची खोल विहीर पाडली, भूजल खाली गेलं आणि शेजारचा कनात कोरडा पडला. मग गाव सुटलं. तेहरान 1956 मध्ये सुमारे 15 लाखांचं शहर होतं, 1976 मध्ये 45 लाखांचं. दक्षिण तेहरानच्या झोपड्यांत आलेल्या या माणसाला ओळखीचं काय होतं? मोहल्ल्यातली मशीद आणि मोहर्रमच्या शोकसभा भरवणारी मंडळं. पक्ष नाही, युनियन नाही, निवडून आलेला नगरसेवक नाही.

26 जानेवारी 1963 च्या सार्वमतात या सगळ्याला 99 टक्क्यांहून जास्त लोकांनी ‘हो’ म्हटल्याचं जाहीर झालं. इतका मोठा आकडा सांगितला की खरे समर्थकसुद्धा खोटे वाटू लागतात. अर्सन्जानी स्वतः शेतकऱ्यांत लोकप्रिय होऊ लागला होता. त्याच मार्चमध्ये तो मंत्रिमंडळाबाहेर गेला.

धर्मगुरूंच्या विरोधाबद्दल खोटा गोडवा नको. 1962 मध्ये त्यांनी स्त्रियांच्या मताधिकाराला उघड विरोध केला. जमीन सुधारणेलाही बऱ्याच जणांचा विरोध होता, कारण वक्फच्या जमिनी गुंतलेल्या होत्या. पुढे क्रांतीचा नेता झालेला आयातुल्ला खोमेनी याची हुशारी अशी की 1964 मध्ये त्याने विषय बदलला. इराणमधल्या अमेरिकी लष्करी माणसांवर इराणी कोर्टात खटला चालणार नाही, असा कायदा मजलिसने केला. त्याच सुमारास 20 कोटी डॉलरचं कर्जही आलं. खोमेनीने भाषण ठोकलं ते यावर. 1928 मध्ये रझा शहाने जे परकीयांचे हक्क रद्द केले होते, तेच मुलाने परत आणले असं दिसलं. नॅशनल फ्रंटवाल्याला, विद्यार्थ्याला, मार्क्सवाद्यालाही हे पटण्यासारखं होतं. नोव्हेंबर 1964 मध्ये त्याला हद्दपार केलं, आधी तुर्कस्तानात. पुढच्या वर्षी तो इराकमधल्या नजफला गेला.

‘सेक्युलर’ हा शब्द शहाच्या बाबतीत जपून वापरावा. 1967 चा कुटुंब संरक्षण कायदा पाहा. नवऱ्याला तोंडी तलाक देऊन मोकळं होता येईना; कोर्टाकडून समेट अशक्य असल्याचा दाखला घ्यावा लागे आणि दुसऱ्या लग्नालाही कोर्टाची परवानगी लागे. पण हे बसवलं कसं? निकाहनाम्यातल्या अटी म्हणून, म्हणजे शरियतच्याच चौकटीत. मला हे कसबी काम वाटतं. पण त्यामागे स्त्रियांची स्वतंत्र चळवळ उभी राहू दिली नाही, सगळ्या संघटना राजघराण्याच्या छत्राखाली. त्यामुळे राजघराणं गेलं तेव्हा कायद्याला वारस राहिला नाही. फेब्रुवारी 1979 संपण्याआधीच तो थांबवला गेला. मार्चमध्ये स्त्रिया रस्त्यावर आल्या, पण तोवर एकट्या पडल्या होत्या. मताधिकार मात्र खोमेनीने काढला नाही, उलट त्याच महिन्याच्या सार्वमतात स्त्रियांना मत द्यायला बोलावलं. 1962 मध्ये ज्याला विरोध केला होता, ते आता त्याच्या कामाचं होतं.

तेलाचा पैसा हा स्वतंत्र विषय आहे, पण दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. 1973 च्या अखेरीस भाव चौपट झाले. सरकारचं तेलाचं उत्पन्न एका वर्षात सुमारे 5 अब्ज डॉलरवरून 20 अब्जांच्या घरात गेलं. ऑगस्ट 1974 मध्ये रामसर इथल्या बैठकीत शहाने पंचवार्षिक योजनेचा आकार जवळजवळ दुप्पट केला. नियोजन खात्यातल्या अर्थतज्ज्ञांनी इशारे दिले होते: बंदरं पुरणार नाहीत, रस्ते पुरणार नाहीत, कुशल माणसं नाहीत. झालंही तसंच. खोर्रमशहरच्या गोदीबाहेर जहाजं महिनोन्‌महिने नांगर टाकून उभी, माल उतरायला जागा नाही आणि एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम नुसत्या डेमरेजमध्ये, म्हणजे जहाज अडकून राहिल्याच्या दंडात, गेली. ट्रक हजारोंनी आणले, चालवायला ड्रायव्हर नाहीत. 1977 च्या उन्हाळ्यात तेहरानमध्ये वीज जाऊ लागली. भारतालाही या खैरातीची झळ लागली: कर्नाटकातला कुद्रेमुख लोहखनिज प्रकल्प इराणच्या कर्जावर आणि इराणच खनिज घेईल या भरवशावर उभा राहिला आणि क्रांतीनंतर ते गिऱ्हाईक गेलं.

दुसरी गोष्ट म्हणजे ज्या सरकारला करांची गरज उरत नाही, त्याला लोकांशी बोलायचंही कारण उरत नाही. अशा राज्यांना आज ‘रेंटियर स्टेट’, म्हणजे आयत्या उत्पन्नावर जगणारं राज्य, म्हणतात; त्याची मांडणीच 1970 मध्ये इराणवर लिहिताना झाली.

महागाई भडकली तेव्हा दोष गेला बाजाराच्या माथी. 1975 हे वर्ष माझ्या मते निर्णायक. अभ्यासक 1978 मध्येच अडकतात. त्या मार्चमध्ये शहाने असलेले नावापुरते दोन पक्षही मोडून ‘रस्ताखीझ’ हा एकच पक्ष केला आणि ज्यांना यायचं नाही त्यांनी पासपोर्ट घेऊन देश सोडावा असं ऐकवलं. तोवर माणूस गप्प बसला तर चालत होतं; आता गप्प बसणंही गुन्हा झालं. उन्हाळ्यात नफेखोरीविरुद्ध मोहीम निघाली. पक्षाने भरती केलेली हजारो पोरं याद्या घेऊन दुकानात शिरायची, गिऱ्हाइकासमोर मापं तपासायची, जागच्या जागी दंड किंवा दुकानाला टाळं. हजारो दुकानदार तुरुंगात गेले. हबीब एल्घानियानसारखा मोठा उद्योगपतीही सुटला नाही. (त्याला 1979 मध्ये क्रांतिकारकांनी गोळ्या घातल्या. शहाच्या लेखी नफेखोर, क्रांतीच्या लेखी शहाचा माणूस.) मशहदमध्ये इमाम रेझाच्या दर्ग्याभोवतीची जुनी बाजारपेठ विकासाच्या नावाखाली पाडली. खुम्स देणारा हाच वर्ग. त्याला दुखावणं म्हणजे धर्मगुरूंच्या तिजोरीची सोय स्वतःच करून देणं.

आणि 1976 मध्ये पंचांग बदललं. हिजरी सौर सन 1355 एका रात्रीत शाही सन 2535 झाला. हिशेब असा बेतलेला की शहा गादीवर आला ते 1320 हे वर्ष बरोबर 2500 ठरावं. जन्मदाखले, खरेदीखतं, चेकबुकं, सगळ्यांवर नवा आकडा. प्रेषिताच्या हिजरतीपासूनची गणना रद्द करून मिळालं काय? रुसलेल्याला आणखी एक कारण.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून यंत्रणेपुरतंच सांगतो. 7 जानेवारी 1978 ला ‘इत्तेलाआत’ या दैनिकात टोपणनावाने खोमेनीवर चिखलफेक करणारा लेख आला. त्यात त्याच्या हिंदी मुळांचाही टोमणा होता. त्याचे आजोबा आजच्या उत्तर प्रदेशातल्या किंतूरचे. दोन दिवसांनी कोममध्ये मोर्चा, गोळीबार, मृत्यू. आपल्याकडे तेरावा असतो तसा तिकडे चाळिसावा. चाळीस दिवसांनी 18 फेब्रुवारीला तबरीझमध्ये शोकसभा, पुन्हा मृत्यू; पुन्हा चाळीस दिवसांनी यझ्द. शोकसभेवर बंदी घालावी तर अधर्म, घालू नये तर पुढचा मोर्चा. तारीख सगळ्यांना आधीच ठाऊक, पत्रकाची गरज नाही. खोमेनीचं भाषण टेलिफोनवरून टेप व्हायचं आणि कॅसेट मशिदीतून गावोगाव जायची.

सैन्याकडे चीफ्टन रणगाडे होते, पण जमाव हटवायची साधनं आणि त्याचं शिक्षण अपुरं. त्यामुळे गोळी किंवा माघार, एवढेच दोन पर्याय. 8 सप्टेंबरला पहाटे लष्करी कायदा जाहीर झाला. तेहरानच्या ‘झाले’ नावाच्या चौकात जमलेल्या कित्येकांना तो माहीतही नव्हता. तिथला गोळीबार समेटाची वाट बंद करून गेला. त्याआधीच्या बारा दिवसांत पंतप्रधान शरीफ-इमामीने जुनं पंचांग परत आणलं होतं, जुगारअड्डे बंद केले होते. 6 नोव्हेंबरला तर शहाने लष्करी सरकार नेमलं आणि त्याच दिवशी रेडिओ-टीव्हीवर तुमच्या क्रांतीचा आवाज मी ऐकला असं सांगून चुका कबूल केल्या. धाक बसला नाही, दिलासाही मिळाला नाही. त्याच आठवड्यात तेरा वर्षं इमानाने चाकरी केलेला माजी पंतप्रधान होवेदा याला शहानेच अटक करवली. हे पाहून दुसरा कोण त्याच्यासाठी उभा राहणार होता?

यात शहाच्या आजाराचा भाग आहे. 1974 पासून त्याला रक्ताचा कर्करोग होता आणि ते गुपित होतं. पण आजारी राजा असलेले देश पुष्कळ असतात. इथे सेनादलांचे प्रमुख प्रत्येक जण स्वतंत्रपणे शहालाच भेटायचे, आपसात मसलत करायची त्यांना मुभा नव्हती. उठाव होऊ नये म्हणून केलेली ही सोय. 16 जानेवारी 1979 ला तो विमानात बसला आणि त्या सेनापतींना एकत्र निर्णय कसा घ्यायचा हेच माहीत नव्हतं.

हे टळलं असतं का? माझ्या मते 1961-62 मध्ये नक्की टळलं असतं. अली अमिनी पंतप्रधान होता, जमीन सुधारणा मूळ त्याच्या सरकारची, नॅशनल फ्रंट जिवंत होती. शहाने अमिनीला बाजूला करून श्रेय आणि सत्ता दोन्ही स्वतःकडे घेतली. 1977 मध्ये तुरुंगांत रेड क्रॉसला जाऊ दिलं, लेखकांना जाहीर वाचनं करू दिली, तोवर बोलणी करायला समोर पक्षच नव्हते. शेवटी जानेवारी 1979 मध्ये नॅशनल फ्रंटच्याच शापूर बख्तियारला पंतप्रधान म्हणून बोलावलं. त्याने राजकैदी सोडले, वर्तमानपत्रं मोकळी केली, सावाक मोडायला घेतली. फ्रंटने पंचवीस वर्षं ज्यासाठी मार खाल्ला ते सगळं 37 दिवसांत. पण पद स्वीकारलं म्हणून त्याच्या पक्षाने त्याला आधीच काढून टाकलं होतं आणि 11 फेब्रुवारीला लष्कराने तटस्थ राहायचं ठरवलं तेव्हा त्याच्या मागे एकही संघटना नव्हती.